फ्रँकलिनचं काचेचं वाद्य बडोद्यात बनवताना: तेरा काचांची आर्मोनिका

जलतरंग वाजवणाऱ्याची निम्मी शक्ती वाटी लावण्यात जाते. चमचाभर पाणी जास्त झालं की स्वर उतरतो. मैफल लांबली आणि पाणी उडालं की चढतो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये वाइनच्या पेल्यांच्या कडा ओल्या बोटाने घासून संगीत वाजवत, आणि तिथेही हीच पंचाईत होती. १७६१ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने डेलाव्हल या गृहस्थांचं असं वादन ऐकलं आणि पाणी काढून टाकायचं ठरवलं. प्रत्येक काचेचा आकार आणि जाडीच अशी ठेवायची, की कोरड्या काचेतूनच ठरलेला स्वर निघेल. सगळ्या काचा एका आडव्या दांड्यावर एकात एक बसवायच्या आणि दांडा पायाने फिरवायचा. बोट एका जागी राहतं, कड त्याखालून सरकते. १३ जुलै १७६२ रोजी इटलीतल्या बेक्कारिया यांना लिहिलेल्या पत्रात त्याने या आर्मोनिकाची मापं इतकी नीट दिली आहेत, की त्यांच्या आधारावर आजही वाद्य उभं करता येतं.

मूळ वाद्यात ३७ काचा होत्या आणि तीन पूर्ण सप्तकं. इथे दिलेली कृती एका सप्तकाची, तेरा काचांची आहे. पहिल्यांदा बनवणाऱ्याने याहून मोठ्या कामाला हात घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तेरा काचा सुरात आल्या की पुढच्या चोवीस बसवायला मोठा दांडा, जास्त काच आणि वेळ लागतो, नवी विद्या लागत नाही.

काच कुठली

फ्रँकलिनने जवळजवळ अर्धगोल आणि मधोमध उघडी मान असलेल्या वाट्या फुंकून घेतल्या होत्या. सर्वांत मोठीचा व्यास ९ इंच, सर्वांत लहानीचा ३ इंच, मध्ये पाव-पाव इंचाच्या फरकाने २३ मापं. कडेजवळ काचेची जाडी इंचाचा दहावा भाग, म्हणजे सुमारे अडीच मिमी, आणि मानेकडे थोडी जास्त.

असा आकार आपल्याकडे तयार मिळतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला गोल बुडाचा फ्लास्क पोटाच्या मधोमध कापला की वरचा अर्धा भाग म्हणजे मान असलेली अर्धगोल वाटी. बडोद्याच्या आसपास नंदेसरीपासून रासायनिक कारखान्यांचा पट्टा आहे. त्यामुळे बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेचे, फ्लास्क विकणारे आणि काचेची उपकरणं दुरुस्त करणारे ग्लासब्लोअर दोन्ही शोधायला फार फिरावं लागत नाही. कडेला टवका गेलेली नवी भांडी मागून पाहावीत. खालचा अर्धा भाग आणि मानेचं तोंड आपण कापणारच असतो, म्हणून टवका तिथे असेल तर काही बिघडत नाही.

पाणी प्यायचे पेले किंवा काचेच्या वाट्या घेऊ नयेत. त्यांना मान नसते, बुडाला भोक पाडताना निम्म्या तडकतात. जुनं लेड क्रिस्टल तर अजिबात नको. नाद चांगला असतो, पण घासताना शिशाचा चोथा हाताला लागतो.

फ्लास्कची बाहेरची मापं साधारण अशी असतात: १ लिटर १३१ मिमी, ५०० मिली १०५ मिमी, २५० मिली ८५ मिमी. दुकानात व्यास मोजायला व्हर्नियर घेऊन जावं, कारण उत्पादकागणिक फरक पडतो.

किती घ्यायच्या आणि का

अर्धगोल काचेची कंपनसंख्या जाडीच्या प्रमाणात वाढते आणि त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. फ्रँकलिनच्या आकड्यांवर हे ताडून पाहता येतं. ९ इंच आणि ३ इंच यांच्या वर्गांचं गुणोत्तर ९, आणि तीन सप्तकांना लागतं ८. म्हणजे त्याने जाडी जवळपास सारखी ठेवून व्यासावरच स्वर मिळवले. याच हिशेबाने २ मिमी जाडीचा १ लिटर फ्लास्क ५०० हर्ट्झच्या आसपास बोलायला हवा, ५०० मिलीचा पावणेआठशेच्या आसपास आणि २५० मिलीचा बाराशेच्या आसपास. हा अंदाज आहे. फ्लास्कची जाडी दीड ते अडीच मिमी कुठेही असू शकते आणि स्वर तिच्याबरोबर सरकतो.

त्याचा फायदाच करून घ्यायचा. फ्रँकलिनने प्रत्येक मापाच्या किमान सहा वाट्या फुंकून घ्या आणि त्यांतून निवडा असं लिहिलं आहे. निवड हाच या वाद्याचा पाया आहे. तेरा काचांसाठी १ लिटरचे १२, ५०० मिलीचे १० आणि २५० मिलीचे ६ फ्लास्क घ्यावेत. सा ते शुद्ध ग मोठ्यांतून, शुद्ध म ते शुद्ध ध मधल्यांतून, कोमल नि ते तार सा लहानांतून. इथे हात आखडता घेतला तर पुढे एखाद्या स्वरासाठी आठवडाभर घासत बसावं लागतं आणि शेवटी काच फुटते. एखाद्या जागी काहीच जुळत नसेल तर ग्लासब्लोअरकडून ११८ किंवा ९५ मिमी व्यासाची वाटी फुंकून घ्यावी. मात्र ती अॅनीलिंग भट्टीतून, म्हणजे तापवून काचेतला ताण घालवणाऱ्या भट्टीतून, काढलेलीच हवी. या काचेचं अॅनीलिंग सुमारे ५६० अंश सेल्सिअसला होतं आणि मग सावकाश थंड करावं लागतं. ताण उरलेली काच घासताना, कधीकधी नुसती ठेवलेलीही, तडकते. दोन पोलरायझिंग फिल्म आडव्याउभ्या धरून मध्ये काच ठेवली की उरलेला ताण उजळ पट्ट्यांच्या रूपात दिसतो.

कापणं

काच कापताना आणि घासताना ती सतत ओली ठेवायची. कोरडी पूड फुप्फुसात जाते. चष्मा आणि एन-९५ मास्क लावावा. पाणी आणि वीज एकत्र येत असल्यामुळे बॅटरीवर चालणारं छोटं रोटरी टूल वापरावं.

आधी फ्लास्क मानेत बूच घालून एका दांड्यावर आडवा बसवावा आणि हाताने सावकाश फिरेल असा करावा. पोटाच्या मध्यावर, जिथे व्यास सर्वांत जास्त आहे तिथे, पेन एका जागी टेकवून फ्लास्क फिरवला की सरळ रेघ उमटते. रेघेच्या दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावावी. सलग कडेची पातळ डायमंड चकती घेऊन पहिल्या फेरीत फक्त ओरखडा, मग दर फेरीत थोडं खोल जावं. एकाच जागी आरपार जाण्याचा मोह टाळावा. तसं केलं की तडा रेघ सोडून मानेकडे पळतो. शेवटच्या फेऱ्यांआधी कापलेल्या खाचेवरून चिकटपट्टीचे चार आडवे तुकडे लावावेत, म्हणजे खालचा अर्धा भाग एकदम सुटून कड फोडणार नाही. ओरखडा काढून गरम-थंड करून तोडण्याची पद्धत बाटल्यांना ठीक आहे, इथे कड लाटेसारखी येते आणि ती सरळ करताना पाच-सात मिमी काच वाया जाते.

मानही अशीच कापायची. अर्धगोलापासून १२ मिमी ठेवून बाकीची काढून टाकावी. मान जास्त लांब राहिली तर ती बाहेरच्या काचेच्या बुडाला टेकेल.

आता कड सपाट करायची. जाड सपाट काचेच्या तुकड्यावर कार्बोरंडम पावडर आणि पाणी घेऊन वाटी पालथी घालून आठाच्या आकड्यात फिरवावी. १२० नंबरने सुरुवात, मग २२०, ४०० आणि ६००. दर नंबरनंतर सगळं धुऊन काढावं, नाहीतर जाड कण बारीक पावडरीत मिसळून ओरखडे पाडत राहतात. कडेचे आतले-बाहेरचे कोपरे ओल्या पॉलिश पेपरने अर्धा मिमी गोल करावेत आणि शेवटी नमद्यावर सिरियम ऑक्साइड घेऊन चकाकी द्यावी. कडेपासून २५ मिमीपर्यंतच्या बाहेरच्या पृष्ठभागाला मात्र कुठलीही पावडर लागू देऊ नये. कारखान्यात ज्वालेतून निघालेला तो गुळगुळीतपणा हाताने परत आणता येत नाही, आणि बोट तिथेच फिरणार असतं.

निवड

प्रत्येक वाटी मानेतल्या बुचावर उभी करावी. कडेला बोटाच्या पेराने किंवा खोडरबर लावलेल्या काडीने हलकेच टिचकी मारावी आणि मोबाइलवरच्या स्पेक्ट्रम अॅपमध्ये सर्वांत खालचं शिखर पाहावं. वरची शिखरं दुसऱ्या कंपनप्रकारांची असतात, तिकडे लक्ष देऊ नये. आकडा वाटीवर मार्करने लिहावा.

दुसरी चाचणी जास्त महत्त्वाची. कडेवर समान अंतरावर सोळा खुणा करून प्रत्येक खुणेवर टिचकी मारावी. काच सगळीकडे सारख्या जाडीची नसेल तर दोन जवळजवळचे स्वर सापडतात, आणि ते एकमेकांपासून अष्टमांश वर्तुळावर, म्हणजे दोन खुणांच्या अंतरावर असतात. फरक २ हर्ट्झपेक्षा जास्त असेल तर ती काच बाजूला ठेवावी. अशी काच फिरताना एका फेऱ्यात चार वेळा थरथरते, आणि ती थरथर घासून क्वचितच जाते. तेरापैकी एक जरी अशी काच राहिली तरी पूर्ण वाद्य आजारी वाटतं.

कुठले स्वर लावायचे? पाश्चात्त्य रचना वाजवायच्या असतील तर पियानोसारखी समान विभागणी करावी. पण तानपुऱ्यासोबत वाजवायचं असेल तर शुद्ध गुणोत्तरांनीच लावावं. काचेचा नाद लांब टिकतो, भोवतीच्या तारांशी तो सतत घासला जातो, आणि समान विभागणीतला चढा गंधार तानपुऱ्यावर लगेच टोचतो. पांढरी एकमधला सा ५२३.२५ हर्ट्झ धरला तर कोमल रे ५५८.१, शुद्ध रे ५८८.७, कोमल ग ६२७.९, शुद्ध ग ६५४.१, शुद्ध म ६९७.७, तीव्र म ७३५.८, प ७८४.९, कोमल ध ८३७.२, शुद्ध ध ८७२.१, कोमल नि ९४१.९, शुद्ध नि ९८१.१ आणि तार सा १०४६.५. ही सप्तकाची फक्त एक मांडणी झाली. कोमल निषाद वेगळा हवा असेल तर आत्ताच ठरवावं, कारण काच एकदा घासली की ती हार्मोनियमच्या रीडप्रमाणे सहज चढवता-उतरवता येत नाही. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेच्या या शहरात कान तयार असलेली माणसं कमी नाहीत. अॅपचा आकडा आणि जाणकाराचा कान यांत मतभेद झाला तर कानाचं ऐकावं.

हवा त्या स्वरापेक्षा २० ते ६० सेंट चढी असलेली काच त्या जागेसाठी निवडायची (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). उतरलेली काच नको. कारण पुढच्या कामात उतरवणं सोपं आहे, चढवणं कठीण.

सुरात आणणं

या कामाची रीत फ्रँकलिनच्याच पत्रात आहे, आणि ती आजही तशीच्या तशी चालते. चढी काच पातळ करून उतरवायची. मानेपासून कडेकडे एक-दोन इंच रुंदीच्या पट्ट्यात, बाहेरून, गोल गोल घासायची. घासून अतीच उतरली तर कड थोडी घासून पुन्हा चढवता येते, पण मग कडेला सगळी चकाकी पुन्हा द्यावी लागते.

हिशेब असा. शंभर सेंट, म्हणजे एक अर्धस्वर, उतरवायला काच सगळीकडे सुमारे ६ टक्क्यांनी पातळ व्हावी लागते. २ मिमी काचेत ते ०.१२ मिमी. आकडा लहान वाटतो, पण बोरोसिलिकेट कठीण असते आणि हाताने २२० नंबरच्या ओल्या पेपरवर इतकं काढायला पुष्कळ वेळ जातो. म्हणूनच निवडीत ६० सेंटची मर्यादा ठेवली. घासायचं ते पूर्ण वर्तुळात, दर वेळी सारख्या फेऱ्या. एका बाजूला जास्त घासलं की आपणच तिथे दोन स्वर तयार करतो. यासाठी मुख्य दांड्याच्याच मापाचा एक आखूड तुकडा घ्यावा, त्यावर वाटी बसवून सावकाश फिरणाऱ्या लेथवर किंवा हातड्रिलवर फिरवावी आणि ओला पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून टेकवावा.

दर तपासणीआधी काच पूर्ण पुसून कोरडी करावी. ओली काच थोडी उतरलेली बोलते. ओल्या अवस्थेत बरोबर लावली तर सुकल्यावर चढते. नुकती घासलेली काच कोमटही असते, म्हणून पाच मिनिटं थांबावं. शेवटचे दहा सेंट ४०० आणि ६०० नंबरने काढावेत. टिचकीवर २-३ सेंट चढी असतानाच थांबावं, कारण वाजवताना कड ओली असणारच. अंतिम तपासणी ओल्या बोटाने घासूनच करावी.

चढवायची वेळ आलीच तर कड एका वेळी अर्धा मिमीच घासावी आणि मोजावी. वाटीची उंची ६-७ मिमीहून जास्त कमी करू नये. त्यापुढे वाटी उथळ होते आणि शेजारच्या काचेबरोबरची फट बिघडते.

दांडा आणि बुचं

फ्रँकलिनचा दांडा कडक लोखंडाचा, गोल आणि निमुळता होता. जाड टोकाला एक इंच, बारीक टोकाला पाव इंच. आपण तो चौकोनी घ्यायचा, म्हणजे बुचं त्यावर घसरून फिरणार नाहीत. निमुळता यासाठी की प्रत्येक बूच आपल्या जागेपर्यंत सैल सरकावं आणि तिथेच घट्ट व्हावं. सरळ दांडा घेतला तर पहिल्या काचेचं बूच पूर्ण लांबीभर रेटत न्यावं लागतं आणि पोहोचेपर्यंत सैल होतं.

निमुळता चौकोनी दांडा बनवून घेणं खर्चिक आहे. त्याऐवजी मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या टर्नर-मिलिंगवाल्याकडून पायऱ्यांचा दांडा करून घ्यावा. ५५० मिमी लांब, १० मिमी चौकोनी स्टेनलेस ब्राइट बार. डाव्या बाजूच्या पहिल्या मानेपासून १०५ मिमीपर्यंत १० मिमी, तिथून २१५ मिमीपर्यंत ९.५ मिमी, पुढे ९ मिमी. डावं टोक १० मिमी गोल, उजवं ८ मिमी गोल, आणि त्याच बोअरचे दोन पिलो ब्लॉक बेअरिंग. दांडा दोन बेअरिंगवर फिरवून मध्यावर डायल गेज लावला तर ०.१ मिमीपेक्षा जास्त हलू नये. पायऱ्या पाडताना बार वाकतो, म्हणून मिलिंगनंतर सरळ करून द्यायला आधीच सांगावं.

मानांच्या जागा डावीकडून अशा येतात: १ लिटरच्या पाच काचा ०, २२, ४४, ६६, ८८ मिमीवर, मधल्या पाच १२१, १४१, १६१, १८१, २०१ वर, लहान तीन २२९, २४७, २६५ वर. अशाने मोठ्या काचांची कड एकमेकींपुढे २२ मिमी, मधल्यांची २० आणि लहानांची १८ मिमी दिसते. फ्रँकलिनकडेही मोठ्या काचांना एक इंच आणि लहानांना अर्धा इंच अशीच घट होती. सारख्या व्यासाच्या दोन वाट्या इतक्या सरकवल्या की बाहेरच्या कडेशी सुमारे २ मिमी फट उरते, तेवढी पुरते. २ मिमीच्या आत फट गेलेली चालत नाही असं नाही, १ मिमीच्या आत मात्र जाऊ देऊ नये.

बूच अस्सल झाडाचं घ्यावं, रबराचं नको. रबर नाद खातं आणि काही महिन्यांत बसकण मारतं. मानेच्या आतल्या मापापेक्षा किंचित जाड बूच १६ मिमी लांब कापावं, म्हणजे १२ मिमीच्या मानेबाहेर दोन्हीकडे २-२ मिमी येईल आणि काचेला काच लागणार नाही. मधोमध कॉर्क बोरर फिरवून पायरीच्या मापाचं गोल भोक पाडावं आणि लहान चौकोनी कानसीने चार कोपरे उघडावेत. अंगठ्याच्या दाबाने बूच दांड्यावर सरकलं पाहिजे. याहून घट्ट असेल तर बूच आतून फुगून मान फोडतं. सैल असेल तर काच घसरून शेजारणीला घासते आणि किरकिर येते. तयार बुचाला चपडा पॉलिशचा एक पातळ हात द्यावा. बडोद्याचा मे आणि बडोद्याचा ऑगस्ट यांच्या हवेत जमीन-अस्मानाचा फरक असतो. उघडं बूच उन्हाळ्यात आकसून काच सोडतं आणि पावसाळ्यात फुगून मानेवर चढतं. जोडणी कोरड्या दिवसांत केली असेल तर भोक अंशभर सैलच ठेवावं.

काच मानेत धरल्याने आवाज का मरत नाही, असा प्रश्न पडतो. ओल्या बोटाने घासल्यावर कड वर्तुळाची अंडाकृती होते, मग आडवी अंडाकृती. हालचाल सगळी कडेला, मानेजवळ जवळपास शून्य. त्यामुळे मानेतलं बूच कंपनाच्या आड येत नाही. मात्र बूच मानेतून पुढे येऊन वाटीच्या आतल्या वक्राला टेकलं तर नाद लगेच आखूड होतो.

जोडणी

सर्वांत मोठी काच आधी, मान डावीकडे. दोन्ही हातांनी वाटी धरावी आणि दुसऱ्याने दांडा सावकाश फिरवावा, तशी ती जागेवर जाते. एकट्याने रेटू नये. प्रत्येक काच बसली की दांडा फिरवून कडेजवळ पेन्सिलचं टोक धरावं. कड अर्ध्या मिमीपेक्षा जास्त आत-बाहेर होत असेल तर काच बुचावर पाव फेरा फिरवून पाहावी. बुचाच्या भोकाची चूक आणि मानेची चूक एका स्थितीत एकमेकांना खोडतात. तरी जमलं नाही तर बूच नवं करावं. ही पायरी घाईत उरकली तर वाजवताना बोट वर-खाली होतं, दाब बदलतो आणि स्वर श्वास घेतल्यासारखा येतो-जातो.

तेरा काचांचं वजन एक-सव्वा किलोच होतं, त्यामुळे पेटी भक्कम असण्यापेक्षा न हलणारी असावी. १८ मिमी मरीन प्लाय किंवा सागवान, ६०० × २६० मिमीचा तळ, बेअरिंगखाली लाकडी ठोकळे असे की मोठी काच तळापासून २० मिमी वर राहील. तळाला स्टीलचा उथळ ट्रे ठेवावा, गळणारं पाणी त्यात पडतं.

फ्रँकलिनने रंग दिले होते: सातही मुख्य काचांच्या दिसणाऱ्या भागाला आतून इंद्रधनुष्याचे सात रंग आणि अर्धस्वरांना पांढरा. रंगाच्या थराने काच जड होते आणि थोडी उतरते, म्हणून रंगवायचं असेल तर शेवटच्या दहा सेंटांआधीच. त्यापेक्षा समोरच्या लाकडी पट्टीवर कडेच्या रेषेत खुणा करणं सोपं.

फिरवणं

मूळ वाद्यात दांड्यावर १८ इंची महोगनीचं चाक होतं, त्याच्या कडेत सुमारे २५ पौंड शिसं, आणि पायाच्या एका दाबात एक फेरा. आपल्याकडे जुन्या शिलाई मशीनचं लोखंडी स्टँड हे काम उत्तम करतं. पण ते चाक मशीनला खूप जोरात फिरवण्यासाठी असतं, आपल्याला तर मिनिटाला ६०च्या आसपास फेरे हवेत. म्हणून दांड्यावर स्टँडच्या चाकाइतक्याच व्यासाची लाकडी पुली बसवावी, म्हणजे एकास एक.

मोटर हवी असेल तर १२ व्होल्टची, १०० आरपीएमची गियर मोटर, वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर आणि दिशा उलटी करणारा स्विच. मोटर पेटीला न लावता वेगळ्या फळीवर, खाली नमदा घालून ठेवावी आणि ५ मिमी गोल पॉलियुरेथेन पट्ट्याने जोडावी. पेटीवर ठेवलेली मोटर काचांमधून गुणगुणते. कंट्रोलर स्वस्तातला असला तर त्याची शिट्टीही ऐकू येते. ६० आरपीएमला मोठ्या काचेची कड सेकंदाला ४१ सेंमी सरकते, लहानीची २७ सेंमी. म्हणून लहान काचा जरा जास्त वेगाला खुश असतात. सर्वांना मानवेल असा वेग ५० ते ८० मध्ये सापडतो.

वाजवणं आणि न वाजणं

हात साध्या साबणाने दोनदा धुवावेत. तेल किंवा क्रीमचा अंश असला तर काच बोलतच नाही. बोटं काही मिनिटं पाण्यात ठेवावीत, कडांवरून ओला स्पंज फिरवावा. पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं घ्यावं, बोअरच्या पाण्याचा पांढरा थर दोन दिवसांत काच खरखरीत करतो. फ्रँकलिन बोटांना बारीक खडू लावायला सांगतो, त्यासाठी केमिस्टकडची प्रेसिपिटेटेड चॉक घ्यावी. शाळेचा खडू बहुतेकदा जिप्समचा असतो, तो चिकट चोथा करतो. काचा बोटांच्या टोकांपासून दूर जात फिरल्या तर स्वर जास्त चांगला निघतो, असंही त्याने नोंदवलं आहे. स्विचने दोन्ही दिशा करून पाहाव्यात.

बोट कडेच्या धारेवर नाही, धारेलगतच्या बाहेरच्या पट्ट्यावर टेकवायचं. अगदी हलक्या दाबाने सुरुवात करावी. मोठ्या काचा स्वर धरायला क्षणभर घेतात, तो वेळ द्यावा. नवशिका तिथेच दाब वाढवतो आणि काच किंचाळते.

काच बोलत नसेल तर आधी तेलकटपणा, मग वेग तपासावा. बोलते पण लगेच मरते असं असेल तर शेजारच्या फटीत पाण्याचा थेंब अडकलेला असतो. कागदाची पट्टी फटीत घालून टिपून घ्यावा. एकच काच जोडणीनंतर उतरली असेल तर बूच पुढे सरकलं आहे. दोन शेजारच्या काचा एकत्र किरकिरत असतील तर एकीचं बूच सैल आहे. फेऱ्यागणिक एकदा आवाज वाढून कमी होत असेल तर काच मध्यावर नाही, आणि चार वेळा होत असेल तर ती निवडीतच चुकलेली आहे, बदलावी लागेल.

वाजवून झालं की काचा सुती कापडाने कोरड्या कराव्यात, ट्रे रिकामा करावा. पावसाळ्यात बेअरिंगला महिन्यातून एकदा हलकं तेल द्यावं, ते मात्र बाहेरच्या बाजूने आणि थेंबभरच, कारण दांड्यावरून सरकलेलं तेल शेवटच्या काचेपर्यंत पोहोचतं. बुचं दर वर्षी पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर तपासावीत. एखादी काच बोटाच्या ढकलण्याने दांड्यावर हलली तर बूच काढून नवं बसवावं, जुन्यावर चिकटपट्टी गुंडाळू नये.